सुनेच्या बोटात बसेल अशी

म्हातारीच्या बोटातून अंगठी पहिल्यांदा गळाली ती धुणं पिळताना. दगडावर टणकन वाजली म्हणून सापडली. दुसऱ्यांदा गळाली ती गोठ्यात, वैरणीत. त्या दिवशी गाईच्या तोंडातली वैरण ओढून काढण्यात सगळ्यांची दुपार गेली आणि अंगठी शेवटी गव्हाणीच्या कोपऱ्यात मिळाली. वय झालं तशी म्हातारीची बोटं वाळत चालली होती. अंगठीला आतून दोरा गुंडाळून पाहिला, तर तो पाण्यात भिजून भिजून कुजला आणि त्याला वास यायला लागला. मग एके दिवशी जेवणं झाल्यावर तिनं अंगठी काढून सुनेपुढे धरली.

"हरवून बसण्यापेक्षा तू घाल," एवढंच म्हणाली.

सुनेला हात पुढे करायची लाज वाटली. तिचा बाप विहिरी आणि बांध रचणारा गवंडी. आई लवकर गेली, त्यामुळे पोर बापाबरोबर कामावर वाढली. चालायला लागल्यापासून ती दगड उचलत आली होती. तिचे हात तसेच झाले होते: पंजा रुंद, बोटं जाड, पेरं गाठीसारखी. लग्न होऊन या घरात आल्यावर तिनं ते हात पदराखाली ठेवायला शिकून घेतलं होतं. नवरा लांब रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा, दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा. एरवी घरात तिघीच. म्हातारी, ही आणि नणंद.

नणंद शिवणकाम करायची. बोटं लांब, निमुळती, सुई धरायला केलेली. ही अंगठी आपल्याला मिळेल असं तिच्या मनात होतं, पण ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. अंगठी सुनेच्या पेराशी अडली तेव्हा तिला हसू फुटलं. ती उठून साबण घेऊन आली.

"आण इकडे. पहिलवानाचं बोट आहे हे, असं गोडीगुलाबीनं ऐकायचं नाही."

तिनं बोटाला साबण चोळला, अंगठी पेरावर टेकवली आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी जोर लावून रेटली. कातडी मागे सरकून गोळा झाली, थोडी सोलली, आणि अंगठी आत गेली. सुनेनं ओठ दाबून धरले होते. नंतर तिनं हळूच काढून पाहायचा प्रयत्न केला, पण अंगठी पेरापाशी येऊन थांबायची. म्हातारी म्हणाली, गेलीय ना आत, आता राहू दे तिथेच. सुनेनंही मग नाद सोडला. सासूनं आपण होऊन दिलेली ती पहिली वस्तू होती.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. गारा नाहीत, वारा नाही, नुसता पाऊस. तो सरळ रेषेत पडत राहिला. त्यांचं शेत उतारावर होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला जुना दगडी बांध होता. तो सुनेच्या सासऱ्यानं तरुणपणी माणसं लावून रचून घेतला होता. बांधाच्या पोटात पाणी साठलं, मधला भाग फुगला आणि पाऊस थांबल्यावर, लख्ख उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसला. दगड गडगडत खालच्या शेतात गेले. त्यांच्यामागून मातीही गेली.

खालचं शेत मिशीवाल्याचं. झुपकेदार मिशीमुळे सगळे त्याला याच नावानं ओळखायचे आणि त्यालाही ते आवडायचं. तो सकाळी अंगणात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याची पावसाआधीची धूळपेरणी तोंडावर आलेली, नांगरलेल्या रानात हे दगड पडलेले. पेरणीच्या आत दगड उचलून बांध उभा करा, नाहीतर वर जिथवर माती खचलीय तिथं तो आपली हद्द धरणार. म्हातारी त्याला आपल्या नवऱ्याच्या काळापासूनचं सांगत बसली, कुणी कुणाला कधी वाट दिली, कुणाच्या विहिरीचं पाणी कुणी प्यायलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "काकू, तुमचं सगळं मान्य आहे. पण बियाणं घरात येऊन पडलंय."

म्हातारी दोन दिवस गवंड्यांच्या मागे फिरली. त्या पावसानं सगळ्यांचेच बांध पाडले होते, त्यामुळे गवंड्यांना भाव आला होता. पेरण्या झाल्यावर बघू, असं जो तो सांगत होता. संध्याकाळी ती पाय चेपत बसली असताना सून माळ्यावर चढली आणि तिथून एक गोणपाटाचं गाठोडं खाली घेऊन आली. त्यात तिच्या बापाची दगड फोडायची सुतकी होती, ओळंबा होता आणि सुताची दोरी होती. बाप गेल्यावर तिनं माहेरून एवढंच आणलं होतं.

"मी रचते," ती म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, स्वयंपाक बिघडला तर फार तर एक वेळ उपाशी राहू, पण बांध बिघडला तर शेत जाईल, हे कळतंय ना तुला? सून म्हणाली, कळतंय. नणंद शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली की पहिलवानाला आखाडा मिळाला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सून शेतात गेली. पहिला दिवस तिनं एकही दगड रचला नाही. मिशीवाल्याच्या रानातले दगड पहारीनं उचकटायचे, अंगावर घेऊन वर आणायचे आणि वेगवेगळे लावायचे एवढंच केलं. मोठे एकीकडे, चपटे दुसरीकडे, लांबट तिसरीकडे, भर घालायचे बारके ढीग करून. मिशीवाला त्याच्या बांधावर उकिडवा बसून बघत होता. अर्ध्या दिवसानंतर त्यानं हाक मारून सांगितलं की वहिनी, दगड नुसते मांडून ठेवायचे नसतात, एकावर एक ठेवायचे असतात. ती म्हणाली, हो. आणि पुढचा दगड उचलायला वाकली.

मग तिनं पायाचा चर खणला, घट्ट जमीन लागेपर्यंत. सगळ्यात जड दगड खाली बसवले. एक दगड बसवायचा, त्याच्यावर उभं राहून पायानं हलवून बघायचं. हलला तर काढायचा, फिरवायचा, पुन्हा बसवायचा. नाहीच बसला तर सुतकीनं त्याचं नाक उडवायचं. खालच्या थराचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली यायला हवा. मधूनमधून एखादा लांब दगड आडवा, मातीत आतपर्यंत घुसवायचा, म्हणजे तो बांधाला धरून ठेवतो. पाण्याला बाहेर पडायला तिनं खाली जागा सोडली. जुन्या बांधात ती नव्हती, म्हणून तर तो फुगला होता. बांध किंचित मागे झुकता ठेवायचा, आणि ते ओळंब्यानं पुन्हा पुन्हा बघायचं. हे सगळं ती काही आठवून करत नव्हती. दगड हातात आला की हात आपोआप त्याला फिरवायचा आणि त्याची बसायची बाजू शोधायचा.

पाठ धरायची. ऊन डोक्यावर आलं की दगड तापायचे, तळवे पोळायचे. दुपारी म्हातारी जेवण घेऊन यायची, तिथंच सावलीला बसायची आणि बांधाकडे बघत राहायची. एकदा तिनं रचलेल्या दगडावर हात ठेवून जोरानं ढकललं. दगड हलला नाही. तिनं हात झटकले आणि डबा आवरला.

बांध छातीपर्यंत आला तेव्हा अपघात झाला. एक लांबट दगड ती डाव्या हातानं आत सरकवत होती. वरचा दगड घसरला आणि तिचं बोट दोन दगडांत सापडलं. अंगठीचंच बोट. तिनं उजव्या हातानं पहार घेतली, दगड उचलला, हात काढून घेतला. हाड शाबूत होतं, पण अंगठीखालची कातडी फाटली होती. तिनं पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, पदराची चिंधी फाडून गुंडाळली आणि थोडा वेळ खाली बसली. मग उठून तो दगड बसवून टाकला.

घरी तिनं हे लपवलं. वरचे थोडेच थर राहिले होते आणि मिशीवाल्यानं पेरणीसाठी बैल धुवायला काढले होते. दुसरा दिवस तिनं तसाच ओढला. संध्याकाळी कणीक मळायला बसली तेव्हा एकाच हातानं मळत होती. म्हातारीनं ते पाहिलं. चुलीजवळून उठून आली, सुनेचा डावा हात ओढून घेतला आणि चिंधी सोडली.

बोट दुधी भोपळ्यासारखं फुगलं होतं. अंगठी मांसात खोल रुतली होती, वरची नक्षी तेवढी दिसत होती आणि तिच्या पुढचा भाग निळा पडला होता. म्हातारीनं साबण मागवला, तेल मागवलं. नणंदेनं शिवणाचा रेशमी दोरा आणून बोटाला घट्ट वेटोळे घालून पाहिले. सून म्हणाली, "वन्सं, राहू द्या. आता नाही सहन होत." तेव्हा नणंद दोरा तसाच टाकून परसात निघून गेली.

बाजारपेठ लांब. त्या वेळेला गावात गाडी होती ती एकाचीच. म्हातारी डोक्यावर पदर घेऊन मिशीवाल्याच्या दारात गेली. ज्याच्याशी कालपर्यंत हद्दीवरून शब्दाला शब्द झाला, त्याच्या दारात उभं राहून मागणं सोपं नव्हतं. तिनं लांबण लावली नाही. सुनेचं बोट निळं पडलंय, टेम्पो काढतोस का, एवढंच विचारलं. तो जेवत होता. ताट सरकवून उठला.

सोनार दुकानाची फळी लावायच्या बेतात होता. म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा, दुकान म्हणजे एका माणसाची बसायची जागा आणि पुढे लाकडी पाट. त्यानं दिवा खाली ओढून बोट पाहिलं, नखावर दाबलं, रंग परत येत नाही हे पाहिलं आणि सांगितलं की अंगठी कापावी लागेल, आत्ताच.

सुनेनं हात मागे घेतला.

"कापू नका. सूज उतरेल. उद्यापर्यंत थांबते मी."

सोनारानं म्हातारीकडे पाहिलं. अंगठी कोणाची आहे हे त्यानं विचारलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. अंगठीवरची पानांची नक्षी त्याच्याच बापाच्या हातची होती. म्हातारीनं सुनेचं मनगट धरलं आणि तो हात पाटावर ठेवला.

"काप," ती सोनाराला म्हणाली. मग सुनेकडे वळून, आवाज न चढवता, "अंगठी दुसरी घडवता येईल. बोट कुठला सोनार घडवून देणार आहे?"

सोनारानं पितळेची पातळ पट्टी बोट आणि अंगठीच्या मध्ये सारली. ती सारतानाच सगळ्यात जास्त दुखलं. सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात पाटावरून हलला नाही. मग केसासारखी बारीक करवत. तो थोडं कापायचा, थांबायचा, धातू तापू नये म्हणून पाण्याचा थेंब सोडायचा. खाली चामडं पसरलं होतं, त्यावर सोन्याचा कीस पडत होता. मिशीवाला दारात पाठ करून उभा होता. कट पुरा झाल्यावर सोनारानं दोन चिमट्यांनी अंगठीची तोंडं हळूहळू फाकवली आणि ती उचलून घेतली. बोटावर खोल खाच राहिली होती. रक्त परत वाहायला लागलं तशी सुनेनं पहिल्यांदा तोंडातून आवाज काढला. म्हातारीनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

दवाखान्यात बोट धुऊन बांधलं. हात पाण्यात घालायचा नाही, वजन उचलायचं नाही, असं नर्सनं बजावलं. मग टेम्पो परत निघाला. गाव आलं तसं मिशीवाला समोर बघत म्हणाला की पेरणी चार दिवस पुढे गेली तरी माझं काही बिघडत नाही. म्हातारी म्हणाली, "नको. तुझी पेरणी वेळेवर होईल."

सकाळी ती सुनेला शेतात घेऊन गेली आणि झाडाखाली बसवलं. बरोबर नणंदही होती. तिनं केस बांधून वर ओढणी गच्च गुंडाळली होती.

"सांग," म्हातारी म्हणाली. "कुठला दगड कुठं ते तू बसून सांग."

पहिला दगड नणंदेनं एकटीनं उचलायला घेतला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. तिनं तो खाली ठेवला आणि अर्धवट वाकूनच सुनेकडे पाहिलं. असले दगड ही एकटी वर चढवत होती, हे तिला तिथं, त्या वाकलेल्या पाठीनं कळलं. मग मायलेकींनी मिळून दगड धरला. सून झाडाखालून सांगत राहिली: फिरवा, अजून, चपटी बाजू खाली, आता पाय देऊन बघा. तिचा आवाज घरात कुणी एवढा मोठा ऐकला नव्हता. नणंदेनं एक दगड हलता ठेवून पुढचा घ्यायला हात घातला तेव्हा सून म्हणाली, "तो काढा वन्सं. तो खोटा बसलाय." नणंदेनं निमूट काढला. दुपारपर्यंत तिची नखं तुटली, तळव्यांना फोड आले. जेवताना घास धरवेना तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. म्हणाली, "वहिनी, मी तुला पहिलवान म्हणायचे. पहिलवानसुद्धा कुस्ती झाल्यावर आराम करतो. तू घरी येऊन भांडी घासायचीस."

बांध पुरा झाला. मिशीवाल्यानं ठरल्या दिवशी पेरलं.

बोटाची सूज उतरायला बरेच दिवस गेले. मग तिघी पुन्हा सोनाराकडे गेल्या. त्यानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि एकेक कडी सुनेच्या बोटात घालून पाहिली. जी पेरावरून जाईल ती आत जाऊन सैल फिरायची, जी आत नीट बसेल ती पेरावर अडायची. त्यानं चष्मा वर सारला. म्हणाला, पेर मोठं आहे आणि मूळ बारीक, अवघड बोट आहे. शिवाय पेरापुरती करायची तर मधे मोठा तुकडा घालावा लागेल. त्याला सोनं लागेल. त्यापेक्षा आहे तशी जोडून देतो, त्यानं नणंदेच्या बोटाकडे पाहून म्हटलं, हिला अगदी बेताची होईल.

म्हातारी काही बोलायच्या आत नणंदेनं पिशवीतून एक पुडी काढली. तिच्यात तिच्या लहानपणीची तुटकी चांदीची साखळी होती. ती पाटावर ठेवून म्हणाली, "मधे हे घाला."

सोन्यात चांदी घातली तर जोड उठून दिसेल, असं सोनार म्हणाला. नणंद म्हणाली, दिसू दे, कुणी विचारलं तर मी सांगेन काय झालं ते. तिनं मान खाली घातली होती. सुनेनं पाटाआड तिचा हात धरला आणि सोडला नाही. नणंदेच्या तळव्यावरचे घट्टे अजून गेले नव्हते.

सोनारानं त्यांना दुकानात बसवून घेतलं आणि त्यांच्यासमोर काम केलं. साखळी वितळवली, ठोकून पट्टी केली, अंगठीच्या फाकलेल्या तोंडांमध्ये ती बसवली, फुंकणीनं ज्योत धरून डाग देऊन जोड पक्का केला. अंगठी आता पेरावरून गेली, पण आत गेल्यावर नक्षी गोल फिरून तळव्याकडे जायची. त्यावर तो बराच वेळ विचार करत बसला. मग कपाटातून कागदाची घडी काढली. त्या संध्याकाळी चामड्यावर पडलेला कीस त्यानं जपून ठेवला होता. त्यात अंगठीच्या टोकांचे घासून निघालेले तुकडे मिसळून त्यानं मोहरीएवढे दोन मणी केले आणि अंगठीच्या आतल्या अंगाला, तळव्याच्या बाजूनं, थोड्या अंतरावर डागले. पेरावरून जाताना अंगठी किंचित तिरकी करायची, मग मणी सुटून जातात, आणि आत गेली की बोटाला दोन्हीकडून धरून ठेवतात. सुनेनं हात झटकून पाहिला. अंगठी जागची हलली नाही. तिरकी केली आणि ओढली, तर सहज निघाली.

"आत्तापर्यंत इतक्या अंगठ्या केल्या," सोनार साहित्य आवरत म्हणाला, "नाजूक बोटाला काय, काहीही शोभतं. या बोटासाठी मात्र डोकं चालवावं लागलं. अशा बोटासाठी करायला बरं वाटतं." सुनेनं हात पदराखाली नेला नाही. तो तसाच पाटावर होता.

पुढे पावसाळा आला आणि चांगला लागून राहिला. बांधाच्या खालच्या फटींतून पाणी धारा धरून वाहायचं, मिशीवाल्याच्या पिकाच्या कडेनं ओढ्याला जायचं. जोराचा पाऊस झाला की म्हातारी सकाळी उठून आधी शेतावर चक्कर टाकायची आणि परत येऊन न विचारता सांगायची की उभा आहे.

पीक निघाल्यावर मिशीवाला एकदा घरी आला. या वेळी बसला. पाणी प्यायला, मिशा पुसल्या, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हातारीला म्हणाला की काकू, माझ्या विहिरीचा काठ खचलाय, निम्मं कडं आत गेलंय. गवंडी बघून गेले, पण मला त्यांचं काही पटलं नाही. वहिनींना पाठवाल का?

म्हातारी गवार निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मला काय विचारतोस? ती समोर उभी आहे, तिला विचार."

मिशीवाला उठून उभा राहिला. सुनेकडे वळला. तिनंच विचारलं, दगड जुनाच वापरायचा की नवीन आणलाय? तो म्हणाला, जुनाच, आतून काढून ठेवलाय. तिनं पाणी किती खाली आहे ते विचारलं, माती कशी आहे ते विचारलं. तो एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत गेला.

"हाताखाली दोन माणसं लागतील," ती म्हणाली. "तगडी. आणि मी सांगेन तसं त्यांनी करायला हवं. पुन्हा विचारायला तुमच्याकडे यायचं नाही."

त्यानं मान डोलावली. तसं सांगतो म्हणाला.

"मग चला. आधी विहीर बघू दे."

तिनं चपला घातल्या आणि अंगण ओलांडून पुढे निघाली. मिशीवाला तिच्या मागून, तिच्या चालीनं चालायला लागला.